भावाचा बटणांचा गेम

थोरल्या भावाकडं हातात धरून खेळायचा, बटणांचा व्हिडिओ गेम होता आणि माझ्याकडं टचस्क्रीनचा म्युझिक प्लेअर. दौंडच्या कॉलेजला जाताना केडगाव स्टेशनच्या बाकावर आमचा रोज वाद व्हायचा. माझ्या प्लेअरवर गाणीही होती, गेमही होते आणि तो खिशात मावायचा.

"तुझं ते डबडं दे टाकून," मी म्हणायचो. तो नुसता हसायचा.

पुढं त्याची नजर अधू होत गेली. हे थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका दुपारी मी माझा प्लेअर त्याच्या हातात दिला. त्यानं काचेवर अंगठा फिरवला आणि प्लेअर परत केला.

"हितं कुठं काय हाय, ते बोटाला कळतच न्हाई रे."

मग त्यानं स्वतःचा गेम घेतला आणि बटणं चाचपत, आवाजाच्या अंदाजानं पहिली लेव्हल पार केली.

आता त्याला अजिबात दिसत नाही. मी वरवंडला घरी गेलो की आम्ही दोघं मिळून खेळतो. पडद्यावर काय चाललंय ते मी सांगतो, बटणं तो दाबतो. पुष्कळदा माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यानं उडी मारलेली असते.