जास्त धुतलेली माफी

माझ्या मुलीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, एका मोठ्या लाँड्रीत काउंटरवर बसतात. त्यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. कुणीतरी म्हणजे मी नव्हे. पण दुसरं कुणी लिहीना, म्हणून हा खटाटोप.

त्यांचं काउंटर म्हणजे दाराशी एक उंच टेबल, मागे हँगरवर लटकणारे कोट आणि त्यांची गादीची खुर्ची. गिऱ्हाईक कितीही तणतणत आलं तरी जाताना हसत जातं. आत मशीनची घरघर, वाफ, आणि खाली दिवे लावलेली एक मोठी दुधी काच. धुतलेलं प्रत्येक कापड त्या काचेवर पसरून तपासायचं, पण ज्याने धुतलं त्याने नाही, दुसऱ्याने. आपल्या हातून राहिलेला डाग आपल्याला दिसत नाही, असं तिथे सगळेच मानतात.

गेल्या वर्षी मालकाने दुकानात एआय आणलं. तक्रारींना लेखी उत्तरं त्याच्या मदतीने द्यायची, आणि ज्याच्या हातून काम झालं त्यानेच द्यायची. शिकवायची जबाबदारी विहीणबाईंवर आली, कारण फोनवर सगळ्यांत भरभर बोटं त्यांचीच चालतात. मालक म्हणाला, "महिनाअखेरीस मी येऊन बघेन. जमलं तर छानच. नाहीतर उत्तरांचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ, काउंटर बंद करू आणि तुम्ही आत घड्या घालायला बसा."

घड्या घालणं काही कमीपणाचं नाही. पण आत मशीनच्या आवाजात कुणाशी बोलता येत नाही, आणि विहीणबाईंना ती जन्मठेपच झाली असती.

शिकवायच्या आधी सराव हवा, म्हणून त्यांनी मला पकडलं.

"अहो व्याही, बसा इथे. तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल."

"हे कौतुक समजू का?"

"मुलीकडचे आहात, कौतुकच समजा."

मला कळलं. पुढे धुणाऱ्यांना कळलं, घड्या घालणाऱ्यांना कळलं. अडलं ते इस्त्रीमामांपाशी. मामांची इस्त्री अशी कडक, की पँटच्या घडीने भाजी चिरावी. पण एकदा करून भागलं, असं त्यांना आयुष्यात कधी वाटलेलं नाही. रुमालावरसुद्धा ते दोनदा इस्त्री फिरवतात.

महिनाअखेर आली. मी माझं ब्लँकेट न्यायला गेलो होतो, तेवढ्यात मालक आला. मी आपला कोटांच्या मागे सरकलो. त्याच सकाळी एका नाटकगृहाच्या मॅनेजरची तक्रार आली होती. त्यांच्या रंगमंचाचा जाड पडदा मामांनी वाफेवर घेतला होता आणि तो आखडला. टांगल्यावर खालून वीतभर उघडा राहिला. नाटक गंभीर, राजा नुकताच मेलेला. आणि पडदा पडल्यावर प्रेक्षकांना राजाचे पाय दिसले. ते पाय हरवलेला बूट शोधत होते. सगळं नाटकगृह खदखदून हसलं.

"हेच घ्या," मालक म्हणाला. "मामा, लिहा उत्तर."

मामा हात पुसून बसले. बराच वेळ टकटक चालली. मग त्यांनी ऐटीत वाचलं, "आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. गुणवत्तेच्या वाटचालीत आपली साथ अशीच लाभो."

"यात पडदा कुठे आहे?" मालकाने विचारलं.

मामांनी पुन्हा पाहिलं. "होता हो. सुरुवातीला होता."

"मामा," विहीणबाई म्हणाल्या, "किती वेळा धुतलंत?"

"किती म्हणजे... ते लिहून द्यायचं, मी म्हणायचो अजून छान कर. पुन्हा द्यायचं, पुन्हा म्हणायचो अजून छान कर. पहिल्या पाण्यात कुठे सगळं निघतं, बाई?"

"डाग निघाला, पण कापडही गेलं. माफी पार विरली की हो!"

मालकाने घड्याळात पाहिलं. विहीणबाईंनी आपल्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. मग एकदम त्या काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"ते सोडा. मी नाटकगृहाची मॅनेजर. माझ्या राजाची अब्रू गेली, मामा! काय केलंत माझ्या पडद्याचं?"

मामा गडबडून उभे राहिले. "बाई, वाफ जास्त झाली. जुनं कापड, आधी कोपऱ्यावर करून बघायचं असतं. मी नाही बघितलं. माझंच चुकलं. खालून त्याच रंगाची पट्टी जोडून देतो, पुढच्या खेळाच्या आत."

"मग हेच त्याला सांगा, अगदी असंच. आणि म्हणा, एवढंच नीट लिहून दे, पदरचं काही घालू नकोस. एकच धुलाई."

उत्तर आलं. साधं, स्वच्छ, पडद्यासकट. मामा पाठवणार, तोच विहीणबाई ओरडल्या, "थांबा! आपली काच कुठे गेली?"

मशीनवरच्या धुलाईताईला बोलावलं. ती एकेका ओळीवर बोट ठेवत वाचू लागली. शेवटाशी बोट थांबलं. "'शिवाय आपणास नवा पडदा विनामूल्य देण्यात येईल.' मामा, हे तुम्ही म्हणालात?"

"मी कशाला म्हणू!"

मालक ताडकन उठला. ती ओळ खोडली आणि मग पत्र गेलं.

"पदरचं घालू नकोस म्हटलं होतं ना त्याला," मामा हिरमुसून म्हणाले.

"सांगूनही घालतं कधीकधी. म्हणून तर काच." विहीणबाईंनी कोटांकडे मान वळवली. "तुमच्या जावयाचंही असंच आहे, व्याही. या आता बाहेर."

मालक पुन्हा खाली बसला. मग त्याने आणखी एक तक्रार पुढे केली, शर्टाच्या तुटलेल्या बटणाची. या वेळी विहीणबाई मुद्दाम लांब उभ्या राहिल्या. मामांनी काय झालं ते आधी स्वतःशीच पुटपुटत म्हटलं, तेवढंच लिहिलं, बोटं आवरली आणि हाक मारली, "ताई, काचेवर ये गं!"

"काउंटर राहू द्या," मालक म्हणाला. विहीणबाई खुर्चीत अशा बसल्या, की गादीतून फुस्स आवाज आला.

पट्टी जोडल्यावर मॅनेजरने आम्हा सगळ्यांना नाटकाला बोलावलं. राजा मेला, बायका डोळे पुसू लागल्या, पडदा पडला आणि अलगद जमिनीला टेकला. बाहेर आल्यावर मी मामांना विचारलं, "कसं वाटलं नाटक?"

"शिवण सरळ होती," मामा म्हणाले.