भाकरीला कुलूप

अगं ए पोरी, इकडं ये. अशी जवळ बस. पाचवा महिना लागलाय आणि सकाळपासून नुसत्या चहावर? म्हणं, वजन वाढतंय! पाठीत धपाटा घालू का एक? तुझ्या आईची गोष्ट ऐक आधी.

तुझी आई, माझी धाकटी बहीण, पोटात होती तेव्हा आमच्या आईला गडीमाणसांचं खरकटं उरलं तर मिळायचं. पुढं आमचा भाऊ तालमीत गेला. म्हशीचं सगळं दूध त्याला. एकदा तुझ्या आईनं सायीला बोट लावलं, तर आमच्या बापानं तापलेलं उलथनं तिच्या मनगटावर टेकवलं. तो डाग तू बघितलायस की.

लग्न होऊन कागलला गेली. नव्वदीतली गोष्ट, तू रांगत होतीस. ही वाळून काडी झाली, सारखी तहान. रक्त तपासलं तर साखर! तिची सासू, म्हणजे तुझी आजी, ओरडली, "ह्या काडीला साखर? चोरून गूळ खाती ही भवानी!" शिरोलीच्या फाउंड्रीतनं तुझा बाप आला की पट्टा काढायचा. भाकरीच्या पेटीला कुलूप घातलं. साखर हाय न्हवं, मग उपाशी ठेवली की उतरंल, असा त्यांचा हिशोब.

मी गेले तेव्हा ती गोठ्यात पडलेली. पाठ फुटलेली, आणि तोंडात म्हशीची पेंड. चघळत होती गं!

मी वरवंटा उचलला आणि कुलूप फोडलं. तुझ्या बापानं माझा बुचडा धरून भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं, पण तोच वरवंटा मी त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं.

आजी किंचाळली, "पावणी म्हणून आलीस आन् हात उचलतीस?"

"पावणी न्हाय, भण हाय तिची!"

तशीच तिला भाड्याच्या जीपमध्ये घातली, तुला कडेवर घेतलं आणि कोल्हापूर गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आईच्या पोटात आणि वाढीच्या वयात उपासमार झाली की इन्सुलिन बनवणारी ग्रंथीच दुबळी राहू शकते. मोठेपणी कितीही खाल्लं तरी ते पुरतं भरून येत नाही. हिला सुई पाहिजे, आणि सुईबरोबर पोटभर जेवणसुद्धा. उपाशी ठेवाल तर मरेल."

जगली ती. आज सुई टोचून घेऊन त्या चुलीपुढं बसलीय, तुझ्यासाठीच भाकरी थापतीय. तिच्या वेळी कुलूप दुसऱ्यांनी घातलं होतं. तू स्वतःच्या हातानं घालतीस व्हय, बाळाला?

घे, ताट ओढ पुढं. उद्या पुण्याला जाशील, पण सातवा लागायच्या आत बाळंतपणाला ये गं. लवकर ये, आम्ही दोघी वाट बघतोय.