न चाखलेला वाडगा

अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीतल्या लतिकामावशी स्वयंपाक करताना कधी चाखत नसत. दुसऱ्याला द्यायचं ते आधी उष्टं कसं करायचं? मीठ त्या वासावरून ओळखत, आणि बरोबर ओळखत, त्यामुळे तोराही होता.

२००४च्या जुलैत शेजारच्या इंगरआजी ऐंशी वर्षांच्या झाल्या. मूळच्या डेन्मार्कच्या, एकट्या राहत. मावशी नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, मागे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नाही. दिवसभर दोघींना एकमेकींचाच आधार. तिकडचं लाल फळांचं गोड आजींनीच त्यांना शिकवलं होतं: रासबेरी आणि लाल करंट ही छोटी आंबट फळं शिजवून गाळायची, रस साखर घालून दाट करायचा, वर थंड क्रीम. वाढदिवसाला मावशींनी ते स्वतः केलं. दाटपणाला साबुदाण्याचं पीठ घातलं. करंट कमी पडले, म्हणून मागच्या कुंपणावरची तसलीच लाल फळं मूठभर तोडून टाकली. वाडगा आजींना दिला, "भांडी आवरून येते," म्हणाल्या आणि घरी आल्या.

तासाभरानं त्यांची आठवीतली लेक सावनी समर कँपहून आली. ओट्यावरची डहाळी बघून ओरडली, "आई, दीज आर नॉट करंट्स! दे आर पॉयझनस! आम्हाला कँपमध्ये दाखवलंय."

मावशींनी आजींना फोन लावला, तो वाजतच राहिला.

"नाइन वन वन करू?"

"थांब जरा!" मावशी बोलून गेल्या. पोलीस येतील, श्रीरंगचा व्हिसा जाईल, हेच आधी मनात आलं. त्याची लाज त्यांना आजही वाटते.

अनवाणीच धावल्या, मागून सावनी. बेल दाबली, दार बडवलं. आत काही हालेना. मागे जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर आजींचं डोकं टेबलावर टेकलेलं.

"सावनी, फोन लाव! लाव लवकर!"

मागचं दार उघडंच होतं. त्यांनी आजींचा खांदा हलवला.

आजींनी डोळे उघडले. कानातलं यंत्र चाचपून बसवलं. टेबलावर मावशींचा वाडगा रिकामा, आणि त्यातून दोघींसाठी काढलेल्या दोन वाट्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या.

"आलीस? एकटीनं कसला वाढदिवस! तुझी वाट बघताना डोळा लागला."

मावशींनी दोन्ही वाट्या सिंकमध्ये ओतल्या आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडल्या. अँब्युलन्स आली ती मावशींनाच तपासून गेली.

आता मावशी नैवेद्यसुद्धा आधी चाखतात. गणपतीला हात जोडून म्हणतात, "रागावलास तरी चालेल. पण मी खाल्ल्याशिवाय तुलाही देणार नाही."