दादाला दाखवलेला बाजार

दादा मिलिटरीतून रिटायर होऊन कुंडलला आला, तरी एक खोड काही गेली नाही. परक्या गावात पाऊल टाकलं की आधी बाजारात शिरायचा आणि उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायचा. म्हसवडला देवाला गेलो तरी तेच. देव काय पळून जात नाही, म्हणायचा.

मी मुलीकडे स्पेनला निघालो, तेव्हा घशाच्या कॅन्सरने त्याचं गिळणं बंद झालं होतं. नाकातल्या नळीतून वहिनी पातळ पेज सोडायची. त्याच्यासमोर कुणी काही खायचं नाही, असा तिने नियमच केला होता. स्वयंपाक शेजारी चुलत्याच्या घरी व्हायचा. पोरंसुद्धा मागच्या परड्यात जेवून, तोंड पुसून आत यायची. निघताना दादा घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "तिकडला बाजार दाव मला."

व्हॅलेन्सियातला बाजार उंच छपराखाली भरतो. दादाला व्हिडिओ कॉल लावून मी फोन समोर धरून फिरायचो. टांगलेल्या डुकराच्या तंगड्या, टोपलीतल्या जिवंत गोगलगायी, वाळल्या लाल मिरच्यांच्या माळा.

"तिखट हायत का?"

"न्हाई, गोडसर."

"मग कशाला टांगल्यात?"

किती तरी दिवसांनी तो हसला. एका गाळ्यावर अंजीर आणि बदामाची काळी, दगडासारखी घट्ट वडी होती. गाळेवालीने तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला. मी तो खिशात टाकायला लागलो.

"खा की रं," दादा म्हणाला. "हितं समदी चोरावानी जेवत्यात. म्होरं बसून घास घेतल्यालं माणूस बगून किती दिस झालं."

मी खाल्लं. पडद्यावर त्याचा जबडा माझ्याबरोबर हलत होता. आधी काय लागतं, मागाहून काय लागतं, हे तो विचारत होता आणि मी सांगत होतो. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात वहिनीचा चेहरा आला. "भाऊजी, लय जीवाला लागतंय ओ त्यास्नी. जरा तरी दया येऊ द्या." मागून दादा फोन मागत होता. फोन बंद झाला.

त्यानंतर कधीही फोन केला की तो झोपलाय, असंच वहिनी सांगायची. मला तिचा भयंकर राग आला. तिचंच बरोबर असेल तर, या विचाराने त्याहून जास्त भीती वाटली. बाजारातून रिकाम्या हाताने घरी जायची आमच्यात रीत नाही, म्हणून ती वडी मात्र विकत घेतली. ती बॅगेत भरण्याआधीच पुतण्याचा फोन आला. दादा गेला होता.

दहाव्याला ओढ्याकाठी पान मांडलं. भजी, पुरणपोळी, जिलेबी, आणि कडेला वडीचा एक तुकडा. कावळा बाभळीवर बसून होता, खाली उतरत नव्हता. पुतण्या म्हणाला, द्राक्षबाग सांभाळतो. चुलते म्हणाले, तुझ्या धाकट्या लेकीचं लगीन थाटात करू. ऊन चढलं तरी कावळा हलेना.

वहिनी माझ्याजवळ आली. "भाऊजी, तुमी खावा."

"कावळा शिवायच्या आदी?"

"त्यांच्या म्होरं खावा. मी बगू दिलं न्हाई त्यास्नी."

मी उरलेली वडी मोडली आणि बाभळीकडे तोंड करून खाल्ली. सगळी संपवली. कावळा उडाला आणि पलीकडच्या उसावरून निघून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पानाला शिववला.

घरी आलो तर सोप्यातली दादाची खाट उचललेली होती. तिथेच पंगत मांडली होती. माणसं सकाळपासून उपाशी होती, भराभरा जेवायला लागली. वहिनी वाढत होती. इतक्या महिन्यांनी त्या जागी सगळे उघड जेवत होते.