कंडक्टरसाठी थांबणारी गाडी

पाण्याचा ग्लास तोंडाला लावण्याआधी तुम्ही कधी विचार केलाय का, की हे पाणी चार तासांनी सोडायचं कुठं? नसेल केला तर तुम्ही पुरुष तरी आहात, नाहीतर घरात बसून हे वाचताय. सुनंदाबाईंनी हा विचार बावीस वर्षं रोज केला.

सुनंदाबाई एसटीत कंडक्टर होत्या. धुळे-शिरपूर, धुळे-साक्री, कधी आडगावची मुक्कामी गाडी. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, दुपारी दोन घोट पाणी, तेही भाकरीचा घास अडकला तर. गाडी थांबली की ड्रायव्हर खाली उतरायचा, टायरला एक लाथ घालायचा आणि बाभळीआड जायचा. बाभूळ सगळ्यांची म्हणतात. खाकी घातलेल्या बाईची नाही. तिच्यावर साठ प्रवाशांचे डोळे असतात, आणि त्यातले दहाजण तरी म्हणणार, "चला ना कंडक्टरबाई, उशीर होतोय."

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. दोन महिन्यांनी पाठीत कळ आणि हुडहुडून ताप. धुळ्याच्या देवपुरात त्यांच्या घराजवळच एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे गेल्या.

"पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"दोन ग्लास."

"तासाला?"

"दिवसाला."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तपासण्या झाल्या. एक मूत्रपिंड खराब झालं होतं, दुसरं अजून शाबूत होतं. दाबून धरण्याची ही सवय गेली नाही तर तेही जाईल, असं त्यांनी गोडगोड न बोलता सांगितलं. दिवसभर थोडंथोडं पाणी प्यायचं, आणि दर दोन तासांनी जाऊन यायचं. लागो न लागो, जायचंच.

"मग माझा प्रवास बंद का?"

"प्रवास नाही, दाबून धरणं बंद. कुठं निघालात?"

"लखपतला."

डॉक्टरीणबाईंना लखपत माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. कच्छच्या पार वरच्या टोकाला आहे. एकेकाळी मोठं बंदर होतं, पुढं भूकंपानं नदीचं पाणी फिरलं आणि बंदर वाळलं. आता मैलोगणती लांब तट आहे, आत मूठभर घरं, आणि तटावर चढलं की समोर खाडीचं पाणी आणि चिखल. त्यापुढं गाव नाही. सुनंदाबाईंच्या गाडीत एकदा एक म्हातारा ट्रकवाला बसला होता, त्यानं सांगितलं होतं. तेव्हापासून ते नाव डोक्यात बसलं. बावीस वर्षं त्या शेवटच्या स्टॉपला पोचल्या आणि पंधरा मिनिटांत उलट्या फिरल्या. एकदा तरी शेवटच्या स्टॉपला उतरून बसायचं होतं, परतीची वेळ कागदावर नसताना.

त्या चिंधाभाऊंकडे गेल्या. चिंधाभाऊ म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, नऊ वर्षं एकाच गाडीवर दोघं. तेही निवृत्त, घरी बसून बायकोचं, भागाबाईचं डोकं खाणारे.

"तठे काय शे?" भागाबाईनं विचारलं.

"काही नाही."

"मंग कसाले जावानं?"

"बघायला."

भागाबाई हसली. चिंधाभाऊ मात्र उठून नकाशा शोधायला लागले. "हजार किलोमीटर व्हई," ते म्हणाले. "गाडी कोन्ती?"

गाडी सुनंदाबाईंनी आधीच बघून ठेवली होती. एका शाळेनं काढून टाकलेली मिनीबस, इंजिन चांगलं. फंडाचे पैसे त्यात घातले. कोणी विचारलं की सांगायच्या, "पोरगा पुण्यात कमावतोय. माझे पैसे माझ्या गाडीला."

आग्रा रोडला नासीरभाईंचं बॉडीचं वर्कशॉप आहे. तीस वर्षं ट्रकच्या केबिनी बांधतायत. सुनंदाबाईंनी जमिनीवर खडूनं बसची लांबी-रुंदी आखायला लावली आणि पहिला चौकोन स्वतः काढला, मागच्या टोकाला.

"इथं संडास."

नासीरभाईंनी टोपी मागं सरकवली. "बाई, तीस साल झाले. ट्रकात देव्हारा बसवला, पंखा बसवला, टेप बसवला, एकानं तर मासळीची काचेची पेटी बसवायला लावली. संडास कोणीच नाही मागितला."

"त्यातला बायकोला घेऊन कोण आला होता?"

नासीरभाई खडू बोटात फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई गेल्या तर पत्रा कापायला घेतला होता. "घरी बायकोला, रईसाला सांगितलं," ते म्हणाले. "वाटलं हसेल. तर म्हणते, त्या बाईचं काम पहिले करा, ट्रकवाले थांबतील."

खरी अडचण सोबत येणाऱ्या भागाबाईची निघाली. "रांधनं आन्‌ हागनं एकच गाडीम्हा? मन्हा देव बाटी जातीन!" यावर चार दिवस गेले. शेवटी तोड नासीरभाईंनीच काढली. शेगडी गाडीत नकोच. बाजूचं दार उघडलं की फळी बाहेर येईल, त्यावर शेगडी, वर ताडपत्रीची सावली. रांधायचं जमिनीवर उभं राहून. देव ड्रायव्हरच्या डोक्यावर, संडास मागच्या टायरच्याही मागं. भागाबाईनं टेपानं अंतर मोजून घेतलं आणि मान हलवली.

मग टाकीवरून वाजलं. नासीरभाई म्हणाले, टाकी कशाला, पाइप खाली सोडून देतो, चालत्या गाडीत कोणाला कळतं? सुनंदाबाईंचा आवाज रस्त्यापलीकडच्या टायरवाल्यापर्यंत गेला. "माझी घाण दुसऱ्याच्या दारात? उद्या ती उचलणार कोण, तुमचा बाप? टाकी बसवा, झाकणाची! जिथं नीट सोडता येईल तिथंच सोडू." टाकी बसली. आरटीओत नोंद बदलायला दोन महिने खेटे घातले, ते पुराण वेगळं.

इकडं सुनंदाबाई आणि चिंधाभाऊ वेळापत्रक करत होते. एसटीची माणसं, त्यांना दुसरं येतं काय? मोठा कागद आखला. थांबा, आगमन, निर्गमन, मुक्काम. नवापूरला चहा दहा मिनिटं, सुरतला जेवण अर्धा तास. डॉक्टरीणबाईंच्या हुकमाप्रमाणे दर दोन तासांनी एक थांबा लाल शाईनं. चिंधाभाऊ कुरकुरले, "इतला थांबा? लखपतले दिवायीले पोचसूत!" पण त्यांनी एकही लाल थांबा खोडला नाही.

निघण्याआधी गाडी एकदा चालवून बघायची ठरली. धुळ्याहून वरणगाव, तिथं ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये भागाबाईचा भाऊ राहतो. जेवण करून परत. सकाळी आठला गाडी निघाली. पारोळ्यापुढं पहिला लाल थांबा आला; सवय व्हावी म्हणून या फेरीला ते तासातासाला ठेवले होते. चिंधाभाऊंनी गाडी कडेला घेतली, आरशात पाहिलं.

"बाई?"

"चला," सुनंदाबाई म्हणाल्या.

एरंडोलच्या पुढं भागाबाईनं आठवण केली. "चला, चला." जळगावला ट्रॅफिक होतं, तिथं कोण थांबतं? नशिराबाद गेलं, भुसावळ गेलं. वरणगावला उतरताना सुनंदाबाईंनी दाराची दांडी घट्ट धरली आणि तिथंच खाली बसल्या. अंग तापलं होतं. भागाबाईनं त्यांची पिशवी उघडली. पाण्याची बाटली सकाळी भरली तशी काठोकाठ.

"एक घोट नही पिनी!" भागाबाई कडाडली. "सा महिना जयनात ह्या गाडीमांगे. गाडीले संडास लायी दिधा, पन तुन्हा डोकाले कोन लायी?"

भावाच्या बायकोनं त्यांना आत नेलं. गोळ्या दिल्या, पाणी पाजलं. तासाभरानं सुनंदाबाई बाहेर ओट्यावर आल्या आणि सरळ बोलल्या. "मला जमायचं नाही. तुम्ही दोघं जा लखपतला. गाडी घेऊन जा."

"का?" चिंधाभाऊंनी विचारलं.

"तोंडातून 'चला' आपोआप निघतं. गाडी माझ्यासाठी थांबलीय म्हटलं की छातीत धडधडतं. कंडक्टरसाठी कधी गाडी थांबते का? आणि..." त्या थांबल्या. मग चिडूनच म्हणाल्या, "आणि तुम्ही समोर बसलेले असता. पंधरा फुटांवर. पत्र्याचं दार आहे ते, भिंत नाही."

चिंधाभाऊंनी विडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली. नऊ वर्षं या बाईच्या पुढ्यात ते बाभळीआड जात होते. दिवसातून सहा वेळा, आणि पँट सावरत परत येत होते. ही कुठं जात असेल, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. ते उठले आणि बाजारात गेले. आले तेव्हा हातात बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी होती आणि कापडं वाळत घालायची दोरी.

त्यांनी घंटी ड्रायव्हरच्या सीटच्या वर टांगली आणि दोरी छताच्या कडीतून ओवत पार मागं नेली. संडासाच्या आत.

"बाई, एसटी कोना हुकूमवर चालस?"

"कंडक्टरच्या."

"मंग. एक घंटी म्हणजे थांब. मी गाडी उभी करसू, किल्ली काढसू आनि खाले उतरी जासू. पन्नास पाऊल लांब, पाठ करीसन. डबल घंटी वाजस नही तवलगून मी येवाव नही. अर्धा तास लागो नही ते रात्र होवो. मी विचारसूच नही. थांबा लिखेल कागद फाडी टाक."

"आणि उशीर झाला तर?"

"कोना बापले उशीर व्हयी राहिना? गाडीम्हा प्रवासी कोन शे?"

सुनंदाबाई पहिल्यांदा हसल्या. भागाबाईनं त्यांच्या हातात बाटली दिली आणि अर्धी संपेपर्यंत समोरून हलली नाही.

परतीला निघाले. भुसावळ मागं पडलं. नशिराबादच्या अलीकडं, दोन्ही बाजूला केळी, आणि मागून घंटी वाजली. एकदाच, तीही घाबरत. चिंधाभाऊंनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली, उतरले आणि केळीच्या बांधाकडं तोंड करून उभे राहिले, परेडला उभे राहावं तसे. ट्रक हॉर्न मारत जात होते. एका मोटारसायकलवाल्यानं थांबून विचारलं, "काका, पंक्चर का?" चिंधाभाऊ म्हणाले, "नही. गाडी ड्युटीवर शे."

आत सुनंदाबाई बसल्या होत्या, आणि काहीच होत नव्हतं. बावीस वर्षं दाबून ठेवलेलं शरीर एका दिवसात कसं ऐकेल? दारापलीकडून भागाबाई तांब्यानं बादलीत पाण्याची धार सोडत होती, लहान मुलाला बसवताना सोडतात तशी. "येई, येई, बाई. घाई नही शे." पहिला तांब्या संपला, दुसरा भरला. वीस मिनिटं झाली.

मग घंटी वाजली. दोनदा, ठणठणीत.

चिंधाभाऊ येऊन बसले, गाडी चालू केली, आरशात बघितलंही नाही. धुळ्यापर्यंत ती आणखी तीनदा वाजली. पारोळ्याची तर सुनंदाबाईंनी स्वतःहून पाणी पिऊन वाजवली. घरी यायला रात्रीचे नऊ झाले. रोजच्या फेरीला हा उशीर झाला असता तर त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला असता. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून फक्त आकडा सांगितला. "चार." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा लखपतला."

नवा कागद केलाय. त्यात आगमन-निर्गमन नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, पोचायचं तेव्हा पोचायचं. साक्री, दहिवेल, नवापूर, मग सुरत, बडोदा, अहमदाबाद, भुज, आणि वर लखपत. स्टँडवरच्या ड्युटीवरच्या कंडक्टर पोरी येऊन गाडी बघून गेल्या, एकेकीनं दोरी ओढून पाहिली. एक अडचण तेवढी उरलीय. नासीरभाईंनी बसवलेली टाकी तीन माणसांत दिवसाला भरते, आणि सुनंदाबाई ती ना नाल्यात सोडणार, ना कोणाच्या शेतात. धाबेवाले तोंडावर नाही म्हणतात. सुरतला उधना भागात आपली खान्देशची माणसं खच्चून आहेत, बडोद्यात मराठी आहेत, पण ओळख कुठं आहे?

तेव्हा तुम्ही या रस्त्यावर राहत असाल, किंवा तुमचं कोणी तिथं राहत असेल, तर डिसेंबरात पांढऱ्या मिनीबसमधली एक खाकी स्वेटर घातलेली बाई दारात येईल. तिला चहा विचारू नका. तिला तुमच्या घरचा संडास दाखवा, टाकी रिकामी करू द्या, आणि धुवायला दोन बादल्या पाणी द्या.