वास्तूचं पान

"घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." हे वाक्य आई दिवसातून दोनदा तरी म्हणायची आणि मी दोन्ही वेळा हसायचे. आता हसत नाही. आता स्वतःच्या घरात फोनवर बोलतानासुद्धा मी शब्द चाचपून बोलते. मैत्रिणी म्हणतात, हिला झालंय तरी काय?

हैदराबादेत मलकपेठेतलं आमचं घर बाबांनी सरकारी नोकरीत पोटाला चिमटा काढून बांधलं होतं. खाली तीन खोल्या, वर एक. वरची माझी. वास्तुशांतीला स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची बोटभर प्रतिमा पुरली होती. सणासुदीला आई त्या फरशीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून चार घास वाढायची. ते वास्तूचं पान. ते वाढल्याशिवाय आम्हाला ताट मिळायचं नाही, आणि श्रीखंडाच्या वासानं दादा आणि मी नुसते तडफडायचो.

बाबा गेल्यावर घर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर झालं. दादा रेल्वेत, राहायला सिकंदराबादला. मी लग्न केलं नाही. आईजवळच राहत होते, पण कंपनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रोजच्या जाण्यायेण्यानं जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मियापूरला सातव्या मजल्यावर लहानसा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. आई म्हणाली, "घे बाई. मी मात्र इथून हलायची नाही."

त्या सुमारास सरकारची एक सवलत होती. पहिलंच घर घेणाऱ्याला कर्जाच्या व्याजावर नेहमीपेक्षा जादा करसूट. अट अशी की कर्ज मंजूर होईल त्या दिवशी तुमच्या मालकीचं दुसरं घर नको. आबिड्सला आमचे जुने टॅक्सवाले बसतात. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मलकपेठ में हिस्सा है ना आपका? वो छोडना पडता. रिस्क नक्को लो."

मी सोडला. दादाच्या नावे हक्कसोडपत्र केलं. रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर चहा पिताना दादा म्हणाला, "अगं, कागदावरच ना? वरची खोली तुझीच, मरेपर्यंत." तो मनापासून म्हणाला होता. दादा वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीही त्यालाच शिव्या घालेल.

मग ते जाहीर करायचं होतं. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन फॉर्म भरत बसले होते. आई भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"काही नाही गं. मला घर नाही, एवढंच लिहून द्यायचंय."

त्याच क्षणी ओट्यामागे पाल चुकचुकली, म्हणजे बोललेलं खरं होणार. आईनं टेबलावर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हटलं आणि माझ्यावर डोळे वटारले. "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! या घरात बसून असं बोलतेस? जा, देवाला नमस्कार करून ये." मी हसले. नमस्कार केला नाही. फॉर्म पाठवून दिला.

त्या सवलतीत वर्षाला किती वाचले म्हणाल, तर एक बरा फ्रीज येईल एवढे.

दीड वर्षानं बिल्डर आला. आजूबाजूची घरं एकेक करून पडतच होती. आई एकटी, जिन्यात एकदा पडलीही होती. दादाचं म्हणणं, जागा द्यावी, नव्या बिल्डिंगमध्ये आईला लिफ्टवाला फ्लॅट मिळेल, तोवर तिनं माझ्याकडे राहावं. आईची सही त्यानं घेतली. मला कळलं तेव्हा मी फोनवर आरडाओरडा केला, नाही नाही ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "तुझी सही लागतच नाही आता. तूच सोडलंस ना?"

माझे दात माझ्याच घशात.

आईनं भांडण केलं नाही. तिची एकच अट होती. "आग्नेयेची प्रतिमा काढून माझ्या हातात द्या. मग काय पाडायचं ते पाडा." ते काम मी अंगावर घेतलं. आईला मियापूरला आणलं आणि रविवारी मलकपेठेत गुरुजींना बोलावलं.

गुरुवारी सकाळी दादाचा फोन आला. घर पाडायचं मशीन आजच आलंय, बिल्डर ऐकत नाही, लगेच ये. ऑफिसात तो करसवलतीचे पुरावे द्यायचा शेवटचा दिवस होता. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र काही केल्या अपलोड होत नव्हतं. आज दिलं नाही तर या महिन्याच्या पगारातून टॅक्स कापला जाणार. मी दादाला म्हटलं, "दोन तास थांबव त्यांना, कसंही कर." कापलेला टॅक्स पुढे रिटर्न भरताना परत मागता येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी खुर्चीतून उठले नाही. का उठले नाही? आजही रोज विचारते स्वतःला.

पोचले तेव्हा वरची माझी खोली उभी होती आणि स्वयंपाकघर गेलं होतं. मशीनवाला तेलुगूत विचारत होता, "एम कावाली अम्मा?" काय हवंय, हे मी त्याला बोटाच्या मापानं दाखवलं. बिचाऱ्यानं तो ढिगारा चार वेळा उलटापालटा केला. मी विटांमध्ये हात घालून शोधत राहिले, नखं फुटली. दादा शेजारी उकिडवा बसून लहान मुलासारखा रडत होता.

आणि मग मी जे केलं ते दादालाही सांगितलेलं नाही. आबिड्सला जाऊन पूजेच्या दुकानातून तशीच नवी प्रतिमा घेतली. चिखलाचा हात तिच्यावर घासला, मळकी केली, आणि आईच्या हातात दिली. "मिळाली गं," म्हटलं. आईनं ती अंगठ्यानं पुसली. उजेडात धरली. माझ्या फुटलेल्या नखांकडे बघितलं. "बरं झालं," म्हणाली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

ती माझ्याकडे चार वर्षं राहिली. कुणी विचारलं की सांगायची, "लेकीकडे आहे सध्या." चारही वर्षं सध्याच. दसरा आला, पाडवा आला, मी केळीचं पान आणून ओट्यावर ठेवायचे. आई देवाला नैवेद्य दाखवायची, गाईचा घास काढायची. वास्तूचं पान तिनं एकदाही वाढलं नाही. मीही विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. ताटावर बसायचे आणि ओट्यावरच्या कोऱ्या पानाकडे बघायचे. लहानपणी थांबायचो तशी मी अजून थांबलेलीच असायचे.

गेल्या वर्षी आई गेली. माझ्या फ्लॅटमध्ये, दुपारच्या झोपेत. दादाची बिल्डिंग अजून चौथ्या स्लॅबवर अडलेली आहे.

मृत्यूची नोंद करायचा फॉर्म मी स्वयंपाकघरात बसून भरला. कायमचा पत्ता, असा एक रकाना होता. मी मलकपेठेचा घर नंबर लिहिला. दादानं वाकून बघितलं. "अगं, ते घर कुठाय आता? इथला घाल, नाहीतर पुढे कागदपत्रांना त्रास होतो."

"गप्प बस," मी म्हटलं. खाली 'वरील माहिती खरी आहे' असं होतं, तिथे सही केली.

दादा गेल्यावर मी उभी राहिले आणि तो पत्ता मोठ्यानं वाचला. घर नंबर, गल्ली, मलकपेठ, हैदराबाद. आईचं घर. तीनदा वाचला. मग ओट्यामागे कान देऊन बराच वेळ थांबले, पाल चुकचुकते का म्हणून.

आमच्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतं.