बासरी नसलेली कॅसेट

भावकू मूळचा जांबोटीकडचा. शहरातल्या खासबाग वस्तीत यंत्रमागावर लुगडी विणायला आला तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं तो माझ्या शेजारच्या मागावर उभा होता, म्हणून त्याच्याविषयी बोलायचा अधिकार मी कुणाला विचारून घेत नाही. गल्ली त्याला 'इंग्रज' म्हणायची. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं. सगळा दोष गाण्यांचा.

अठ्ठ्याहत्तर साली कॅम्पातून परतताना त्याच्या सायकलची चेन पडली, ती नेमकी इनासच्या दुकानासमोर. गोव्याकडचा हा इनास रेकॉर्डींवरून कॅसेटी भरून द्यायचा. त्याचा मामा बोटीवर होता, तो विलायतेहून रेकॉर्डी आणायचा. भावकूने चेन बसवली, हात पुसले, समोरच्या हॉटेलात चहा घेतला, तरी दुकानात चेन पडली तेव्हा लागलेलंच गाणं चालू. तो दारात जाऊन म्हणाला, "हे संपतंय कवा?"

"अजून अर्धं आहे," इनास म्हणाला.

भावकू आत जाऊन बसला.

त्या इंग्रज बँडचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की जाणकार मंडळी वाद घालायला घरी येतात, आणि मला तेवढा चहा परवडत नाही. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मध्येच ताल लंगडायचा, मध्येच देवळात शिरल्यासारखं शांत व्हायचं, आणि मग एक बासरी यायची. भावकूला वेड लावलं ते त्या बासरीने. "लई घाई न्हाय बग हिला," तो म्हणायचा. "आपला माग कसा खडाखडा धावतोय. ही आपली सावकाश येती."

त्याने जुना टेपरेकॉर्डर घेतला आणि दर दसऱ्याला, मागाची पूजा झाली की, त्या बँडची एक कॅसेट भरून आणायची असा नेम केला. वर्षाला एकच. आता पुढचा आल्बम कुठला घ्यायचा, याचा घोळ गणपतीपासून सुरू व्हायचा. मुलीला स्थळ बघतानाही माणूस एवढी चौकशी करत नाही. इनास सांगायचा, आधी सुरुवातीचे ऐक, मग तो दोन्ही बाजूंना मिळून एकच गोष्ट सांगणारा ऐक. आणि मुख्य गाणारा सोडून गेल्यावर जे काढले, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, त्यात राम नाही.

भावकूला हे पटायचं नाही. "थोरला भाऊ वाटणी घिऊन गेला म्हणून बाकीची जेवायची ऱ्हात्यात व्हय?" असं म्हणून त्याने एका वर्षी गाणारा गेल्यानंतरचाच आल्बम भरून घेतला आणि इनासला बळेच ऐकवला. इनास म्हणाला, बरा आहे. गोव्याकडच्या माणसाने बरा म्हणणं म्हणजे हात टेकणं.

पण भावकूचा खरा हिशोब वेगळाच होता. ज्यात बासरी सगळ्यात जास्त असं इनास सांगायचा, असे दोन आल्बम त्याने मुद्दाम मागे ठेवले होते. ताटातलं गोड शेवटी खातात तसे. मी म्हणालो, "अरे, एकदम भरून घे की, मेल्यावर ऐकणार काय?" तर म्हणाला, "सगळं आत्ताच ऐकलं तर म्हातारपणी काय करू?" त्याची बायको गुणाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता म्हणायची, "म्हातारपणी नातवंडं खेळवावीत माणसानं. ह्यो बासऱ्या खेळवणार!"

पंच्याऐंशीच्या दसऱ्याला त्याचा धीर सुटला आणि त्या दोनातला एक त्याने भरून आणला. दुसऱ्याच दिवशी लालबुंद होऊन माझ्याकडे आला. "इनासनं फसवलं. कॅसेटीत बासरीच न्हाय. नुसता ढोल वाजतोय."

भांडणाला मी कधी नाही म्हणत नाही. आम्ही दोघे कॅम्पात गेलो. मी दारातूनच इनासचा उद्धार केला. त्याने सरळ कॅसेट लावली. थोड्या वेळाने बासरी आली. अगदी स्वच्छ, गळ्यात हात घालावा इतकी जवळ. मी ओशाळलो आणि भावकूकडे बघितलं.

"बगा," भावकू म्हणाला, "हाय का कुठं?"

इनासने मूळ रेकॉर्ड लावली. तेच. मग भावकूची सगळ्यात पहिली, जुनी कॅसेट जिच्यावरून भरली होती ती रेकॉर्ड त्याने लावली. बासरी सुरू झाल्याबरोबर भावकूचा चेहरा उजळला. "ही! हिला म्हणत्यात बासरी. अशी भरून दे की रं!"

इनासने रेकॉर्डवरची सुई उचलली. दोन्ही बासऱ्या सारख्याच होत्या.

कानाच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. मागाच्या खडखडाटाने कान जातात, आणि आधी जातात ते बारीक, उंच आवाज. जाड आवाज राहतात. आणि जुनी बासरी? ती त्याला ऐकू येत नव्हती. ती त्याला पाठ होती.

आम्हाला कुणालाच कसं कळलं नाही, याची मला अजून चीड येते. पण कळणार कसं? कारखान्यात आम्ही सगळे हातवारे करून आणि ओठ वाचून बोलणारे. त्या आवाजात धडधाकट काय आणि बहिरा काय, सगळे एकाच माळेचे मणी. घरी गुणाबाईचा आवाज मुळातच चार घरं ऐकू जाणारा. भावकू टेप मोठ्याने लावू लागला, तेव्हा गल्ली म्हणाली इंग्रज माजलाय. मीही म्हणालो होतो.

डॉक्टर म्हणाले, माग सोडा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल. भावकू दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मागावर हजर. दुसरं काम त्याला येत नव्हतं. दुपारी गुणाबाई कारखान्यात शिरली, त्याचा माग स्वतःच्या हाताने बंद केला आणि मालकांसमोर उभी राहिली. "मालक, ह्यो उद्यापास्नं येणार न्हाय. माग दुसरा मिळंल. कान कुठनं आणू?" ज्या गाण्यांना ती जन्मभर शिव्या देत आली, त्यांच्यासाठी ती भांडत होती, हे तिला बोलून दाखवलं असतं तर तिने मला झाडूने मारलं असतं.

शहराबाहेर मच्छेत एका कारखान्याच्या फाटकावर त्याला राखणदारीचं काम मिळालं. पगार कमी, पण शांतता भरपूर. वर्षभर त्याने टेपला हात लावला नाही. मला वाटलं, संपलं.

पुढच्या दसऱ्याला मात्र तो माझ्या दारात आला. "चल, इनासकडं." दुकानात भावकूने कव्हरं बघितली नाहीत, चौकशी केली नाही. खाली मान घालून म्हणाला, "बासरी नसलेला कुठला हाय, तेवढा दे."

इनासने बराच वेळ कपाटात तोंड घातलं. मग आधीच भरून ठेवलेली एक कॅसेट काढली. "हा घे. ह्यात नाही." भावकू सायकलकडे गेला तेव्हा इनास मला हळूच म्हणाला, "ह्यांचा बासरीशिवाय एकपण नाही रे. ह्यात थोडी आहे."

संध्याकाळी मी भावकूच्या घरी होतो. भावकू टेपला कान लावून बसला होता. ढोल छान वाजत होते, खालचे जाड सूर घुमत होते, आणि त्याची मान डोलत होती. वर्षभरात मी त्याला असं बघितलं नव्हतं. गुणाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

दुसरी बाजू सुरू झाली आणि बासरी आली. इनासची थोडी म्हणजे किती, देव जाणे. ती थांबायलाच तयार नव्हती. गुणाबाईचे हात परातीतच थांबले.

भावकूने तिच्याकडे बघितलं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्याने विचारलं, "ह्यात बासरी न्हाय न्हवं गं?"

ती उठली, त्याच्या समोर आली आणि त्याला ओठ दिसतील अशी उभी राहून म्हणाली, "न्हाय. कुठली बासरी?"

"मग बरं," भावकू म्हणाला. "ह्यातलं माझं काय बी हुकलं न्हाय."